मतदानाच्या दोन दिवस आधी

19 सप्टेंबर 2024, गुरुवार. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान शनिवारी होणार होते. प्रचार थंडावला होता, मतपेट्या केंद्रांकडे निघायच्या होत्या. त्याच दिवशी सरकारने जाहीर केले, की साडेबारा अब्ज डॉलरच्या थकलेल्या रोख्यांबाबत परदेशी रोखेधारकांशी तत्त्वतः समझोता झाला आहे. किती मुद्दल सोडायचे, व्याज किती, हप्ते केव्हापासून, हे सगळे त्या मसुद्यात ठरले होते. सही करणारे सरकार अखेरचे दिवस मोजत होते. हप्ते फेडायचे होते ते मात्र अजून न निवडलेल्या सरकारला.

चार दिवसांनी, 23 सप्टेंबरला, अनुरा कुमार दिसानायके यांनी शपथ घेतली. देश दिवाळखोरीत काढणाऱ्या जुन्या घराण्यांना हटवा, नाणेनिधीच्या अटी बदलून घेऊ, सामान्य माणसाच्या ताटातला कर काढू, असे सांगत ते निवडून आले होते. लोकांनी त्यांना कौल दिला तो याच शब्दांवर. पण पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा: मागच्या सरकारने मतदानाच्या दोन दिवस आधी केलेला समझोता पाळायचा की मोडायचा?

नवे सरकार आले की आपण त्याच्या प्राधान्यक्रमाची चर्चा करतो. पहिल्या शंभर दिवसांत काय, वर्षभरात काय, याच्या याद्या छापून येतात. त्या वाचताना असे वाटते, की राज्यकर्ता कोऱ्या कागदापुढे बसला आहे. श्रीलंकेचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की तिथे कागद कोरा नव्हता. जवळजवळ प्रत्येक ओळ आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली होती, आणि खरी परीक्षा होती उरलेल्या समासात काय लिहिता येते याची.

आधी या पदाविषयी. आपल्या राष्ट्रपतींच्या पदावरून श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांची कल्पना करता येत नाही. 1978 साली जे. आर. जयवर्धने यांनी नवी राज्यघटना आणली आणि थेट लोकांनी निवडलेल्या, सरकार प्रत्यक्ष चालवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती सत्ता एकवटली. मंत्रिमंडळाचे प्रमुख तेच, सैन्याचे सरसेनापती तेच. दिसानायके यांनी संरक्षण आणि अर्थ ही दोन्ही खाती स्वतःकडे ठेवली आहेत. पंतप्रधान असतात, पण त्यांचे स्थान दुय्यम. या पदाने देशाचे नुकसान केले, असे श्रीलंकेतले अनेक पक्ष गेली तीस वर्षे म्हणत आले आहेत. पद रद्द करू, असे वचन देऊन निवडून यायचे आणि मग त्याच पदावर बसून राहायचे, हेही तिथे एकाहून अधिक वेळा झाले. दिसानायके यांच्या जाहीरनाम्यातही ते वचन आहे.

निवडणुकीची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. मतदार मतपत्रिकेवर पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती लिहू शकतो. पहिल्या पसंतीत कुणाला निम्म्याहून जास्त मते मिळाली तर तिथेच निकाल. नाही मिळाली तर पहिले दोन उमेदवार राहतात, बाकीचे बाद होतात, आणि बाद झालेल्यांच्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कुणाला पुढची पसंती दिली आहे ते मोजतात. 1982 पासून प्रत्येक वेळी पहिल्याच मोजणीत निकाल लागला होता. 2024 साली पहिल्यांदाच दुसरी मोजणी करावी लागली. दिसानायके यांना पहिल्या पसंतीची 42 टक्के मते होती, सजित प्रेमदासा यांना सुमारे 33, आणि मावळते राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे यांना 17 टक्के. म्हणजे दहातल्या जवळजवळ सहा मतदारांची पहिली पसंती दुसऱ्या कुणाला तरी होती. 2019 सालच्या निवडणुकीत दिसानायके यांना जेमतेम 3 टक्के मते मिळाली होती, हे पाहिले की लाट किती मोठी होती ते कळते. पण ती लाट अर्ध्या देशापर्यंत पोहोचली नव्हती, हेही आकडे सांगतात.

संसदेत तर त्यांचे बळ त्याहून कमी होते. 225 जणांच्या सभागृहात त्यांच्या नॅशनल पीपल्स पॉवर या आघाडीचे, म्हणजे एनपीपीचे, फक्त तीन खासदार. पहिले मंत्रिमंडळ तीन जणांचे बनले: स्वतः दिसानायके, पंतप्रधान हरिणी अमरसूर्या आणि विजिता हेरत. सगळी खाती या तिघांत वाटलेली. या अवस्थेत कर बदलायचा तरी विधेयक मंजूर होणार नाही. म्हणून दिसानायके यांनी शपथेच्या दुसऱ्याच दिवशी संसद बरखास्त केली आणि लोकांकडून दुसरा कौल मागितला. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. विजयाची हवा ओसरण्याआधी, एकही कटू निर्णय घेण्याआधी त्यांनी तो घेतला. 14 नोव्हेंबर 2024 रोजी मतदान झाले आणि एनपीपीला 159 जागा मिळाल्या. घटनादुरुस्तीला 150 लागतात. तमिळबहुल जाफना जिल्ह्यातही सहापैकी तीन जागा या आघाडीने जिंकल्या. दक्षिणेतल्या सिंहली पक्षाला तिथे असे यश मिळेल, हे कुणाच्याही हिशेबात नव्हते.

का नव्हते, ते कळायला एनपीपीचा कणा असलेल्या जनता विमुक्ती पेरामुना या पक्षाचा इतिहास पाहावा लागतो. जेव्हीपी या नावाने तो ओळखला जातो. रोहाना विजेवीरा यांनी स्थापन केलेल्या या पक्षाने एप्रिल 1971 मध्ये सशस्त्र उठाव केला. तो मोडायला सिरिमाओ बंदरनायके यांच्या सरकारला भारतानेही मदत पाठवली. दुसरा उठाव 1987 ते 1989 या काळातला. भारत-श्रीलंका करार आणि भारतीय शांतिसेना यांच्या विरोधात पेटलेला तो उठाव अतिशय रक्तरंजित ठरला. पक्षाच्या माणसांनी विरोधकांना मारले, सरकारी पथकांनी हजारो तरुण नाहीसे केले, आणि नोव्हेंबर 1989 मध्ये विजेवीरा मारले गेले. अनुराधापूर जिल्ह्यातल्या तंबुत्तेगामात वाढलेले दिसानायके त्याच काळात या चळवळीत आले. 2014 साली पक्षाचे नेते झाल्यावर त्यांनी त्या हिंसेबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. एकेकाळी भारतीय विस्तारवादावर कार्यकर्त्यांचे वर्ग घेणारा हा पक्ष. त्याच्या नेत्याने राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिला परदेश दौरा केला तो दिल्लीचा. पण त्याकडे नंतर येऊ.

आता वारशाचा हिशेब. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये गोटाबाया राजपक्षे निवडून आले आणि त्यांनी लगेच कर कापले. मूल्यवर्धित कर 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. त्याच्या नोंदणीची मर्यादा इतकी वर नेली, की हजारो व्यवसाय कराच्या जाळ्यातून बाहेर पडले. पगारातून कापला जाणारा करही बंद केला. कर-उत्पन्न जीडीपीच्या सुमारे 12 टक्के होते ते दोन वर्षांत 8 टक्क्यांच्याही खाली गेले. पतमापन संस्थांनी दर्जा खाली आणला, आणि परदेशी बाजारात नवे रोखे विकून जुने फेडण्याची वाट बंद झाली. आधी 2019 च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी आणि पुढे कोविडने पर्यटन बसले. परदेशातल्या नोकरदारांनी घरी पाठवायचे डॉलर आटले. तरीही जुन्या रोख्यांचे हप्ते राखीव गंगाजळीतून फेडत राहण्याचा हट्ट सरकारने सोडला नाही.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यात रासायनिक खतांची आयात एका रात्रीत बंद करण्यात आली. सेंद्रिय शेतीचे कारण पुढे केले गेले, पण डॉलर वाचवणे हाही त्यामागचा हेतू होता. भाताचे आणि चहाचे उत्पन्न घसरले. नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घेतला, तोवर हंगाम हातचा गेला होता. वाचवलेल्या डॉलरपेक्षा जास्त डॉलर मग तांदूळ आणायला लागले. शेतीशी खेळ करणाऱ्या कुठल्याही सरकारने हा प्रकार लक्षात ठेवावा असा आहे, कारण इथे एका फटक्यात शेतकरी, गिऱ्हाईक आणि तिजोरी अशा तिघांचेही नुकसान झाले.

12 एप्रिल 2022 रोजी श्रीलंकेने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी सांगितले, की प्रत्यक्ष वापरता येईल अशी गंगाजळी 5 कोटी डॉलरहून कमी उरली आहे. सव्वादोन कोटींच्या देशाला तेवढ्यात एका आठवड्याचे इंधनही नीट आणता येत नाही. पेट्रोलसाठी लोक दोन-दोन दिवस रांगेत उभे राहिले, रांगेतच काहींचे प्राण गेले. सप्टेंबर 2022 मध्ये महागाईचा वार्षिक दर 70 टक्क्यांना टेकला. त्याआधी 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले होते, आणि गोटाबाया देश सोडून मालदीवमार्गे सिंगापूरला गेले होते. या लोकचळवळीला तिथे ‘अरगलय’ म्हणतात. दिसानायके यांचा विजय तिथूनच सुरू झाला, भले तो मोजला गेला दोन वर्षांनी.

मधल्या दोन वर्षांत विक्रमसिंघे यांनी जे केले ते नव्या सरकारच्या पायातली बेडी होते आणि पायाखालची जमीनही. 20 मार्च 2023 रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे 3 अब्ज डॉलरचे, चार वर्षे हप्त्याहप्त्याने द्यायचे कर्ज मंजूर केले. त्याच्या अटी समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

पहिली अट अशी, की व्याजाचा खर्च बाजूला ठेवून सरकारचे उत्पन्न खर्चापेक्षा जीडीपीच्या 2.3 टक्क्यांनी जास्त असले पाहिजे, आणि ही पातळी 2025 पासून गाठायची. वर्षानुवर्षे तुटीत चालणाऱ्या देशासाठी ही उडी फार मोठी होती. दुसरी अट, सरकारी कर्ज 2022 साली जीडीपीच्या 128 टक्क्यांच्या आसपास होते ते 2032 पर्यंत 95 टक्क्यांच्या खाली आणायचे. तिसरी, वीज आणि इंधन उत्पादनखर्चाच्या खाली विकायचे नाही. शिवाय 2023 च्या नव्या कायद्याने मध्यवर्ती बँक सरकारपासून वेगळी केली. सरकारला लागतील तसे पैसे छापून देण्याचा तिचा अधिकार काढून घेतला. मूल्यवर्धित कर जानेवारी 2024 मध्ये 18 टक्के झाला. महागाई उतरली, रुपया सावरला, रांगा संपल्या. पण हे ज्यांच्या पोटाला चिमटा काढून झाले त्यांनी विक्रमसिंघे यांना 17 टक्के मते दिली.

म्हणून दिसानायके यांच्यापुढचा पेच साधा नव्हता. नाणेनिधीशी नव्याने बोलणी करण्याचे त्यांचे वचन होते. कर्ज फेडता येईल का याचे नाणेनिधीचे गणितच चुकले आहे, आपण वेगळे मांडू, असे त्यांचे अर्थतज्ज्ञ सांगत होते. गणित नव्याने मांडायचे म्हणजे रोखेधारकांशी झालेला समझोताही पुन्हा उघडायचा. त्यात वर्ष गेले असते. नाणेनिधीचा पुढचा हप्ता अडला असता, त्यापाठोपाठ जागतिक बँकेचा आणि आशियाई विकास बँकेचा. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालच्या धनको देशांच्या समितीने जून 2024 मध्ये 5.8 अब्ज डॉलरच्या कर्जाची फेररचना मान्य केली होती, चीनच्या एक्झिम बँकेने त्याच दिवशी 4.2 अब्जांची. सगळे करार एकमेकांत गुंतलेले. एक दोरा ओढला की सगळे उसवणार.

4 ऑक्टोबर 2024 रोजी, शपथेनंतर दोन आठवड्यांच्या आत, नव्या सरकारने रोखेधारकांचा समझोता मान्य केला. डिसेंबरमध्ये जुन्या रोख्यांच्या बदल्यात नवे रोखे दिले गेले. डाव्या विचारांच्या अनेकांना हा विश्वासघात वाटला. मला तसे वाटत नाही. 2022 च्या रांगा पुन्हा लागू न देणे हेच त्या क्षणी गरिबांच्या बाजूने उभे राहणे होते. पण टीकाकारांचा एक मुद्दा खरा आहे आणि तो झाकता कामा नये. या नव्या रोख्यांपैकी काहींत अशी तरतूद आहे, की देशाची अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा जास्त वाढली तर रोखेधारकांना जास्त पैसे द्यायचे. लोकांनी कर भरून, पगार गोठवून जी वाढ मिळवायची तिच्यात परदेशी गुंतवणूकदाराचा वाटा आधीच लिहून दिलेला आहे. अर्थव्यवस्था बिघडली तर देणे कमीही होते. तरी सावरताना पाय मागे ओढणारी ही अट आहे, आणि ती ठरवताना मतदारांना कुणी विचारले नव्हते.

मग समासात काय उरले? 17 फेब्रुवारी 2025 चा पहिला अर्थसंकल्प पाहिला तर उत्तर मिळते. एकूण मर्यादा नाणेनिधीची, पण आतली वाटणी सरकारची. सरकारी नोकरांचे किमान मूळ वेतन 24,250 रुपयांवरून 40,000 वर नेण्याचे ठरले, पण टप्प्याटप्प्याने. महिना दीड लाख श्रीलंकन रुपयांपर्यंतच्या पगाराला आयकरातून सूट मिळाली, आधी ही मर्यादा एक लाख होती. गरीब कुटुंबांना थेट पैसे देणाऱ्या ‘अस्वेसुम’ योजनेची व्याप्ती वाढली. या सगळ्याला पैसा कुठून आणायचा? मार्च 2020 पासून बंद असलेली खासगी वाहनांची आयात 1 फेब्रुवारी 2025 पासून खुली करण्यात आली, आणि तिच्यावर जबर कर लावले गेले.

हा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. गाडी आयात झाली की तिजोरीत कर रुपयांत येतो, पण त्याच गाडीपायी देशाबाहेर डॉलर जातात. रुपयांची तूट भरायला डॉलरची गंगाजळी खर्च करायची, असा हा व्यवहार. जवळजवळ पाच वर्षांची साठलेली मागणी असल्याने लोकांनी गाड्या भरपूर घेतल्या आणि करही भरपूर आला. पण साठलेली मागणी एकदाच पुरी होते. पुढच्या वर्षांसाठी उत्पन्नाचा असा दुसरा झरा सरकारला शोधावा लागणार आहे, आणि तो बहुधा श्रीमंतांच्या मालमत्तेवरच्या करात आहे. दक्षिण आशियातल्या बहुतेक देशांप्रमाणे श्रीलंकेतही अप्रत्यक्ष करांचा भार सामान्यांवर जास्त आहे. डाव्या सरकारने इथे हात घातला नाही तर कोण घालणार?

जाहीरनाम्यात नसलेले प्रश्न मात्र पहिल्याच हिवाळ्यात स्वयंपाकघरातून आले. 2024 च्या अखेरीस बाजारातून ‘नाडू’ तांदूळ गायब झाला. सरकारने किलोला 230 रुपयांची कमाल किंमत बांधून दिली. मोठ्या गिरणीमालकांच्या हाती साठा, त्या भावात विकणे त्यांना परवडत नाही असे त्यांचे म्हणणे, आणि लहान दुकानदार मधल्या मधे सापडलेला. शेवटी 70,000 टन तांदूळ आयात करण्याचा निर्णय घ्यावा लागला. पाठोपाठ नारळाची टंचाई आली. नारळाशिवाय जिथे आमटी नाही आणि संबोल ही चटणीही नाही, तिथे एक नारळ दोनशे रुपयांपर्यंत पोहोचला.

कांद्याची गोष्ट आपल्या जवळची. श्रीलंकेत मोठा कांदा बहुतांशी भारतातून जातो, आणि त्यात नाशिक-नगरच्या कांद्याचा वाटा मोठा. डिसेंबर 2023 मध्ये भारताने निर्यातबंदी केली, मे 2024 मध्ये ती उठवली पण 40 टक्के शुल्क लावले, सप्टेंबरमध्ये ते 20 टक्के केले आणि 1 एप्रिल 2025 पासून काढले. लासलगावात शेतकरी या निर्णयांविरुद्ध लिलाव बंद पाडत होते तेव्हा कोलंबोची गृहिणी त्याच निर्णयांची किंमत बाजारात मोजत होती. तिच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती यातले काहीच नव्हते. लहान देशाच्या महागाईचा मोठा भाग शेजारच्या राजधानीत ठरतो, हे आपण इथे बसून सहसा विचारात घेत नाही.

विजेचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. जानेवारी 2025 मध्ये वीज दर 20 टक्क्यांनी कमी झाले. लोकांना दिलेले वचन पुरे झाले असे वाटले. पण त्या दरात वीज मंडळाचा खर्च भरून निघत नव्हता, आणि नाणेनिधीची अट तर खर्च भरून काढण्याची. जूनमध्ये दर 15 टक्क्यांनी वाढवावे लागले. त्यानंतर 1 जुलैला नाणेनिधीच्या संचालक मंडळाने पुढचा हप्ता मोकळा केला. पाच महिन्यांत दर उतरले आणि चढले, आणि निर्णय नेमका कुठे होतो ते प्रत्येक ग्राहकाला बिलातून समजले.

परराष्ट्र धोरणात दिसानायके यांनी जास्त सफाई दाखवली. डिसेंबर 2024 मध्ये दिल्ली, जानेवारी 2025 मध्ये बीजिंग. दिल्लीत त्यांनी सांगितले, की श्रीलंकेची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू दिली जाणार नाही. बीजिंगमध्ये हंबनटोटा इथे 3.7 अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाबाबत सिनोपेकशी करार झाला. हंबनटोटाचे बंदर 2017 पासून 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे आहे, त्याच गावात ही नवी गुंतवणूक. 2022 च्या संकटात भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली होती, तिची जाण ठेवणेही गरजेचे होते. तरी मन्नार आणि पूनेरीनच्या पवनऊर्जा प्रकल्पातला विजेचा भाव महाग आहे, हे सरकारने आडपडदा न ठेवता सांगितले, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये अदानी समूहाने त्यातून माघार घेतली. एप्रिलमध्ये भारताचे पंतप्रधान कोलंबोत आले आणि संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करारही झाला. पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या मच्छीमारांचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. तमिळनाडूचे ट्रॉलर समुद्रतळ खरवडून नेतात आणि जाफन्याच्या तमिळ मच्छीमाराचे जाळे रिकामे राहते. हा झगडा दोन देशांच्या सरकारांपेक्षा दोन गरीब किनाऱ्यांमधला आहे.

त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेने श्रीलंकेच्या मालावर 44 टक्के आयातशुल्क जाहीर केले. बोलणी होत होत ते पुढे 20 टक्क्यांवर आले. श्रीलंकेच्या तयार कपड्यांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका आहे, आणि कारखान्यांत शिलाई करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया खेड्यांतून आलेल्या.

भ्रष्टाचाराविरुद्धच्या कारवाईला पैसा लागत नव्हता, नाणेनिधीची आडकाठी नव्हती, म्हणून तिथे काम वेगाने झाले. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारी पैसा खासगी प्रवासाला वापरल्याच्या आरोपावरून माजी राष्ट्राध्यक्ष विक्रमसिंघे यांना अटक झाली, काही दिवसांनी जामीन मिळाला. सप्टेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्षांच्या सरकारी सवलती काढणारा कायदा झाला आणि महिंदा राजपक्षे यांनी कोलंबोतले सरकारी घर सोडले. लोकांना हे आवडले, आणि त्यात न्यायही आहे. पण हेही बोलले पाहिजे, की जुन्यांना शिक्षा करणे हे नव्या व्यवस्थेच्या उभारणीपेक्षा सोपे असते. खटले न्यायालयात टिकतात का, पोलीस आणि अभियोक्ते सरकारच्या इशाऱ्याविना काम करतात का, हे ठरायला आणखी काही वर्षे लागतील.

माझी खरी तक्रार आहे ती उत्तरेविषयी. तमिळ बंडखोरांविरुद्धचे यादवी युद्ध मे 2009 मध्ये संपले. त्यानंतर बेपत्ता माणसांच्या आया जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवू इथे मुलांचे फोटो घेऊन रस्त्याकडेला बसत आल्या आहेत. 2025 साली जाफन्याजवळच्या चेम्मणी इथल्या सामूहिक दफनभूमीत उत्खनन झाले तेव्हा लहान मुलांचेही सांगाडे सापडले. 1979 चा दहशतवाद प्रतिबंधक कायदा रद्द करण्याचे वचन एनपीपीने दिले होते. पहिल्या वर्षात तो कायदा जागेवरच राहिला. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण केल्या. त्यांची मुदत कधीच संपली, 2014 नंतर एकाही परिषदेची निवडणूक झालेली नाही. उत्तर आणि पूर्व हे प्रांत पूर्वी एकत्र होते. ते वेगळे करा म्हणून न्यायालयात गेला होता तो जेव्हीपीच, आणि 2006 साली निकाल त्याच्या बाजूने लागला. जाफन्याच्या मतदारांनी ते सगळे बाजूला ठेवून या आघाडीला मत दिले. मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत उत्तरेत तमिळ पक्षांनी पुन्हा डोके वर काढले, त्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

इथे पैशाची सबब चालत नाही. प्रांतिक निवडणुकांचा कायदा दुरुस्त करायला नाणेनिधीची परवानगी लागत नाही. बेपत्ता लोकांचा शोध घेणाऱ्या कार्यालयाला कर्मचारी आणि अधिकार द्यायला रोखेधारकांना विचारावे लागत नाही. दोन-तृतीयांश बहुमत आहे, तेही दक्षिणेतल्या राष्ट्रवादी मतदाराचा विश्वास असलेल्या पक्षाकडे. अशी संधी श्रीलंकेच्या इतिहासात क्वचित आली. राष्ट्राध्यक्षपद रद्द करायला सार्वमत लागेल, ते खर्चिक आणि जोखमीचे आहे, हे मान्य. पण उत्तरेतल्या आईला तिच्या मुलाचे काय झाले ते सांगायला सार्वमत लागत नाही.

नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस, दुसरा अर्थसंकल्प मांडून तीन आठवडे झाले होते तेव्हा ‘दित्वा’ चक्रीवादळ बेटावर आले. कॅन्डी, बदुल्ला, नुवारा एलिया या डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळल्या. चहामळ्यांतल्या मजुरांच्या चाळी मातीखाली गेल्या. 600 हून अधिक माणसे मेली. जागतिक बँकेने मालमत्तेचे नुकसान 4.1 अब्ज डॉलर असल्याचा अंदाज केला. म्हणजे नाणेनिधी चार वर्षांत मिळून देणार त्याहून जास्त नुकसान काही दिवसांत झाले. नाणेनिधीने तातडीचे सुमारे 20 कोटी डॉलर दिले, भारताने 45 कोटींचे साहाय्य जाहीर केले. मळ्यांतल्या या तमिळ मजुरांना ब्रिटिशांनी दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण भारतातून नेले. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर आजही घराखालची जमीन नाही, त्यामुळे पडलेले घर पुन्हा कुठे बांधायचे हा प्रश्न आधी जमिनीचा आणि मग पैशाचा आहे. मालकी हक्काचा निर्णय सरकारने आता घेतला तर पुनर्वसनातून एक जुना अन्याय मिटेल. पुन्हा चाळीच्या जागी चाळ बांधली तर पुढच्या पावसाळ्यात तीच माणसे त्याच उतारावर असतील.

पुढच्या तारखा ठरलेल्या आहेत. नाणेनिधीचा चार वर्षांचा कार्यक्रम 2027 च्या मार्चमध्ये संपेल, त्याबरोबर दर सहा महिन्यांची तपासणीही संपेल आणि तिच्यातून मिळणारा भरवसाही. 2028 पासून फेररचना केलेल्या कर्जाचे मोठे हप्ते सुरू होतील. तोवर गंगाजळी वाढवायची आहे आणि परदेशी बाजारात पुन्हा पत मिळवायची आहे. दिसानायके यांची पाच वर्षे 2029 मध्ये पुरी होतील. म्हणजे मोठे हप्ते सुरू होण्याचे वर्ष आणि मत मागण्याचे वर्ष लागूनच येणार आहेत. 2019 च्या शेवटी गोटाबायांनी मतांसाठी कर कापले तेव्हा त्यांना थांबवणारी कुठलीही संस्था नव्हती. आज मध्यवर्ती बँकेचा कायदा आहे, खर्चाच्या मर्यादा कायद्यात लिहिलेल्या आहेत. पण साध्या बहुमताने केलेला कायदा साध्या बहुमताने बदलताही येतो, आणि या सरकारकडे तर दोन-तृतीयांश बहुमत आहे.